पिशवी घेऊन केलेल्या मुलाखती

बाई,

तुम्ही गेलात त्याला आता इतकी वर्षं झाली की विभागात तुम्हाला प्रत्यक्ष पाहिलेली मी एकटीच उरले आहे. शिपाई बदलले, खिडक्यांची तावदानं बदलली, तुमच्या खोलीत संगणक आले आणि त्यांच्यासाठी एसीही आला. तुमच्या काळात कुणी एसी मागितला असता तर तुम्ही त्याला वऱ्हांड्यात उभं केलं असतं. मी स्वतः निवृत्तीला टेकले आहे आणि जिना चढताना गुडघे कुरकुरतात. अशा वयात तुम्हाला पत्र लिहायला बसणं हा पोरकटपणा आहे हे मला कळतं. पण यंदा एक गोष्ट घडली आणि ती सांगायला तुमच्याखेरीज योग्य माणूस सुचत नाही. घरच्यांना सांगितली तर म्हणतील, छान झालं की मग. छान झालंच, पण माझं म्हणणं तेवढंच नाही.

आधी माझं काम सांगते. दर गुरुवारी दुपारी मी ग्रंथालयामागच्या खोलीत बसते आणि संशोधनात अडलेली मुलं माझ्याकडे येतात. दारावर ‘संशोधन मार्गदर्शन कक्ष’ अशी पाटी आहे. मुलं मात्र त्याला दवाखाना म्हणतात आणि त्यांचं काही चुकत नाही, कारण येताना सगळ्यांचे चेहरे दाढ दुखत असल्यासारखेच असतात. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला लघुप्रबंध लिहावा लागतो, आणि तोवर या मुलांना आयुष्यात कुणी प्रश्न विचारायला सांगितलेलंच नसतं. त्यांनी फक्त उत्तरं दिलेली असतात. मग एकीचा विषय असतो ‘आधुनिक भारतातील स्त्री’. मी विचारते, कुठली स्त्री, कुठल्या गल्लीतली? ती म्हणते, मॅडम, सगळ्या. दुसरा प्रश्नावली फोनवरून वर्गाच्या ग्रुपवर टाकतो, मित्र गमतीगमतीत ती भरतात आणि हा त्याचे रंगीत तक्ते करून आणतो. हल्ली तिसराही प्रकार निघालाय. फोनला सांगितलं की फोनच अख्खं प्रकरण लिहून देतो. वाचायला गुळगुळीत, चूक सापडत नाही आणि माणूसही सापडत नाही. मी विचारते, हे तुला कुणी सांगितलं? तो फोनकडे बघतो. तुम्ही असतात तर त्याचं काही खरं नव्हतं. मी रागावत नाही, मला एक साधा उपाय सापडलाय. कागद बाजूला ठेवायला लावते आणि म्हणते, तू काय पाहिलंस ते मला घरच्या भाषेत सांग. गुजरातीत सांग, हिंदीत सांग, मराठीत सांग. जरा वेळ अडखळतात, मग सांगायला लागतात, आणि सांगता सांगता विषय आपोआप लहान होतो.

दुसरा उपाय तुम्ही आहात. ‘आमच्या बाई म्हणायच्या’ अशी सुरुवात केली की मुलं वाद घालत नाहीत. माझं स्वतःचं मत सांगितलं तर म्हणतात, पण मॅडम, आमच्या गाइडनी असं सांगितलंय. तुमचं सांगितलं की निमूट लिहून घेतात. ‘प्रश्न लहान कर आणि चपला झिजव’ हे तर तुमचंच आहे, ते मी वर्षानुवर्षं वाटते आहे. पण दर आठवड्याला नवा रोगी आणि नवा आजार, तुमची वाक्यं पुरणार किती? त्यामुळे गरज पडेल तशी मी नवी तयार करते आणि तुमच्या नावावर खपवते. त्यातली निम्मी ऐकून तुम्ही कपाळाला हात लावला असता.

यंदा जी मुलगी आली ती शहराच्या टोकाला असलेल्या छाणीची. वडिलांचं तिथल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम. घराणं जुनं, संस्थानच्या फौजेतलं. कुणी खापरपणजोबा घोडदळात होते म्हणे. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की गुजराती. मुलगी कष्टाळू, अक्षर सुरेख, आणि स्वभाव असा की खुर्ची ओढतानाही खुर्चीची माफी मागेल. तिनं आधी ‘शहरी अन्नव्यवस्थेचे बदलते आयाम’ असं काहीतरी आणलं होतं. मी कागद उलटा केला आणि विचारलं, तू स्वतः काय पाहिलंस? ती म्हणाली, “मॅडम, दर रविवारी आई मला खंडेराव मार्केटला घेऊन जाते. संध्याकाळी निघताना मला नेहमी वाटतं की एवढी शाकभाजी उरते, ती जाते कुठे?” बाई, खरं सांगते, मला पेढे वाटावेसे वाटले. न खपलेल्या भाजीचं काय होतं, ते कोण ठरवतं, ती कुणाला मिळते. लहान, नेमका, चालत जाऊन बघता येईल असा प्रश्न. असा प्रश्न दवाखान्यात क्वचित येतो.

तिच्यासाठी हे वर्ष फार महत्त्वाचं होतं, ते तिनं मला पहिल्याच भेटीत सांगितलं. अहमदाबादच्या एका संस्थेनं तिला साहाय्यक म्हणून घ्यायचं कबूल केलं होतं, पण याच उन्हाळ्यात निकाल हातात असला पाहिजे ही अट होती. मुलीनं दुसऱ्या गावी एकटं राहायचं या गोष्टीला तिचे वडील मोठ्या मुश्किलीनं तयार झाले होते. “बाबा एकदा हो म्हणालेत मॅडम,” ती म्हणाली, “परत नाही म्हणणार. या वर्षी नाही झालं तर मग घरातच, आणि घरात राहिलं की लग्नाची ठिकाणं बघायला सुरू.” हे तिनं रडत वगैरे सांगितलं नाही, बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. मला ती तेव्हाच आवडली.

ती कामाला लागली आणि हिवाळा संपता संपता मुलाखतींचा मोठा गठ्ठा घेऊन आली. नीट उतरवलेल्या, गुजरातीतलं बोलणं जसंच्या तसं ठेवलेलं. निष्कर्षही लिहायला घेतला होता: मार्केटमध्ये भाजी वाया जात नाही. कारण एकूण एक भाजीवाल्यानं तिला तेच सांगितलं होतं. ‘कंई वधतुं ज नथी, बेन.’ काही उरतच नाही. सगळं ताजं येतं, सगळं खपतं. मी वाचत गेले आणि मला बेचैन वाटायला लागलं. इतक्या माणसांचं इतकं एकमत मी आमच्या विभागाच्या बैठकीतही पाहिलेलं नाही. तुम्ही असतात तर दुसऱ्या पानावरच तुम्हाला काय ते कळलं असतं. मला कळेना. विचारलं, नीट विचारलंस ना? हो मॅडम. घाई नाही ना केलीस? नाही मॅडम, सगळे खूप छान बोलले. मी म्हटलं, पुढच्या गुरुवारी ये, मला जरा विचार करू दे.

पुढच्या गुरुवारी ती आली, पण तिच्या मागोमाग तिची आईही आली. अंगानं भक्कम, डोक्यावर पदर, हातात फुगलेली कापडी पिशवी. मुलगी तिला दारातच थोपवायला बघत होती, पण ती सरळ आत आली, माझ्यासमोर बसली आणि पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. आत दुधी, गिलकी आणि गवार.

“मॅडम, हे तुमच्यासाठी. आणि माफ करा, पण एक विचारू? तुम्ही हिला रोज शाक आणायला सांगितलंय?”

“मी? छे हो, मी कशाला सांगू?”

“मग ही पिशव्या भरभरून का आणते? फ्रिजमध्ये दूध ठेवायला जागा नाही राहिली. शेजारी वाटलं, वर्कशॉपवरच्या माणसांना दिलं, यांना डब्यात रोज दुधी, आता तेही ओरडतात. तरी पडून राहतं आणि सडतं. आज सकाळी एवढी पालक टाकून दिली मी. हिला विचारलं तर म्हणते, रिसर्च आहे. असली कसली रिसर्च?”

मुलगी मान खाली घालून उभी होती. मी तिला विचारलं, काय प्रकार आहे हा? ती हळूच म्हणाली, “मॅडम, ते लोक धंद्यावर बसलेले असतात. त्यांचा एवढा वेळ घ्यायचा आणि नुसतंच विचारायचं, ते बरं नाही ना दिसत. म्हणून मी आधी थोडं काहीतरी घ्यायची, मग विचारायची.”

“सगळ्यांकडून?”

“हो ना. एकाकडून घेतलं आणि दुसऱ्याकडून नाही, तर त्याला वाईट वाटेल.”

यावर आईचा राग एकदम उतरला. “हां, ते तर बरोबर आहे,” ती मला समजावत म्हणाली. “रिकाम्या हातानं कसं उभं राहायचं कुणाच्या दारात? आमच्यात नाही तसं करत.” आणि लेकीकडे अशी बघायला लागली की हिला वळण लागलंय ते आपणच लावलंय. मी मात्र त्या गिलकीकडे बघत बसले होते, कारण मला आता सगळं कळलं होतं. हातात पिशवी, पिशवीत त्याच टोपलीतली आत्ताच घेतलेली गिलकी, आणि ही विचारते, काका, उरलेल्या भाजीचं काय करता? कुठला भाजीवाला तिला खरं सांगेल? गिऱ्हाइकाला जे सांगायचं तेच सगळ्यांनी सांगितलं. ती अभ्यास करायला गेली आणि सगळा हिवाळाभर गिऱ्हाईक होऊन उभी राहिली. दुसऱ्या कुठल्या मुलीकडून ही चूक झाली नसती, तिला एवढं वळणच नसतं.

मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे सगळं चुकलं, मॅडम?” आई गोंधळली. “चुकलं म्हणजे काय? रोख देऊन घेतलंय सगळं.”

बाई, त्या क्षणी मला तुमचं निजामपुऱ्यातलं स्वयंपाकघर आठवलं. तुम्हाला आठवत असेल की नाही कोण जाणे. मी प्रबंधासाठी घरी शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या मुलाखती घेऊन आले होते, जुन्या लष्करी घराण्यांतल्या सुना, मशीन चालवून घर ओढणाऱ्या. एका वर्षाचं काम. तुम्ही थालीपीठं थापत होतात. हात पिठाचे, म्हणून मी एकेक पान धरत होते आणि तुम्ही लांबून वाचत होतात. बऱ्याच पानांनंतर तुम्ही विचारलंत, “या बोलत असताना खोलीत आणखी कोण होतं?” मी म्हटलं, कोण असणार, घरचीच माणसं; सासूबाई वगैरे. तुम्ही तव्यावरचं थालीपीठ उलटलंत आणि म्हणालात, “मग हे सासवांचे जबाब आहेत. सुनांचं यात एक अक्षर नाही. फेकून दे आणि पुन्हा जा.” मी तिथंच रडायला लागले. तुम्ही मला रडू दिलंत, मग वाढलंत, लोणी घातलंत, आणि पुढच्या आठवड्यात मला चपलांचा नवा जोड आणून दिलात. तुमची दया अशीच असायची, पायाखालून यायची. मी ती पानं फेकली, पुन्हा गेले, सासवा देवळात गेल्या की जायचे. पूर्ण आणखी एक वर्ष गेलं. त्या वर्षी जवळच्या एका कॉलेजात माझ्या विषयाची कायम जागा निघाली होती. प्रबंध झालेला नव्हता म्हणून ती दुसऱ्याला मिळाली, आणि त्यापायी मी कितीतरी वर्षं तासिका तत्त्वावर या कॉलेजातून त्या कॉलेजात धावत होते. पण प्रबंध चांगला झाला, सगळे म्हणाले. आणि आजवर ही गोष्ट मी मुलांना अभिमानानंच सांगत आले: आमच्या बाईंनी माझं एक वर्षाचं काम फेकायला लावलं, म्हणून मी माणसात आले.

तेव्हा त्या गुरुवारी माझ्या तोंडात तेच आलं होतं, फेकून दे आणि पुन्हा जा. पण पुन्हा जायचं म्हणजे उन्हाळा गेला, निकाल गेला, अहमदाबाद गेलं, आणि बाबांचा तो एकच हो गेला. समोर आई पदरानं घाम पुसत बसलेली, तिला आपल्या लेकीचं नेमकं काय गेलं तेही कळत नव्हतं. माझ्या तोंडून भलतंच निघालं. मी म्हटलं, “आमच्या बाई म्हणायच्या, हवं होतं ते मिळालं नाही म्हणून मिळालेलं फेकायचं नसतं. हे कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे ते आधी बघ.” बाई, हे वाक्य मी त्याच खुर्चीत बसून, त्याच क्षणी तयार केलं. तुम्ही मला जे सांगितलं होतंत त्याच्या बरोबर उलटं, आणि तेही तुमच्याच नावावर.

पण वाक्य एकदा बोलून गेल्यावर त्याचा उपयोगही दिसायला लागला. भाजीवाल्यांनी गिऱ्हाइकाला काय सांगितलं याचा एवढा मोठा गठ्ठा तिच्याकडे होता. तेच अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे त्यांच्यातल्याच थोड्याजणांकडे बाजार उठायच्या वेळी, पिशवी न घेता, आपण कोण ते सांगून जायचं आणि तोच प्रश्न विचारायचा. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवायची. प्रश्न बदलला, काम वाचलं. आणि मी तिला बजावलं, पद्धतीच्या प्रकरणात चूक कशी झाली ते जसंच्या तसं लिहायचं, पिशवीसकट.

“लोक हसतील, मॅडम.”

“हसू देत.”

पहिल्या दिवशी तिला एकटीला जाववेना म्हणून मीही गेले. संध्याकाळची वेळ, मार्केटच्या कमानीबाहेर हातगाड्यांची गर्दी, आत टोपल्या निम्म्या उतरलेल्या. पिशवी नसल्यामुळे हातांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं; कधी ओढणी धरायची, कधी माझा दंड. एका ओळखीच्या भाजीवाल्या मावशीनं हाक मारली, “आव दीकरी, शुं आपुं?” ये पोरी, काय देऊ? ही जागीच थिजली. मग तिनं सगळं बळ एकवटून सांगितलं, “माशी, आजे कंई लेवा नथी आवी. भणवा माटे थोडुं पूछवुं छे.” आज काही घ्यायला नाही आले, अभ्यासासाठी विचारायचंय. मावशी जोरात हसली. “तो पहेलां कहेवुं हतुं ने!” मग तिला शेजारी पोत्यावर बसवून घेतलं आणि सांगत बसली. काही माल गल्लीतल्या लारीवाल्यांना, म्हणजे हातगाडीवाल्यांना, पडत्या भावात जातो, काही गायीवाले नेतात, पालेभाजीवर पाणी मारून ओल्या गोणपाटाखाली ठेवतात आणि सकाळी ताज्या भाजीत मिसळतात. मुलीनं भीतभीत विचारलं, मी नेलेली गिलकी? मावशीनं तोंडाला पदर लावला. “ए तो आगला दिवसनी ज हती.” आदल्या दिवशीचीच. त्यावर दोघी इतक्या हसल्या की शेजारचे वळून बघायला लागले. त्यानंतर मला जावं लागलं नाही.

विभागात मात्र कुरबुर झाली. एका सहकाऱ्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, ठरलेला प्रश्न अर्ध्यात बदललाय, बाहेरचे परीक्षक त्यावरच बोट ठेवतील आणि मुलगी नापास होईल. तुमच्या बाईंनी हे चालवून घेतलं असतं का? मी त्याला उत्तर दिलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. मुलगी लिहीत होती आणि मी घाबरले होते. तिचं नुकसान झालं असतं तर ते माझ्यामुळे झालं असतं, फेकून दे म्हटलं असतं तर निदान तुमच्यामुळे झालं असतं.

व्हायवाच्या दिवशी मुलगी आईची नवी साडी नेसून आली आणि दाराशी दोनदा अडखळली. परीक्षक बाहेरगावचे, माझ्याहून बरेच लहान, पण केस पार पांढरे. त्यांनी लघुप्रबंध खरंच वाचलेला होता, हल्ली हेही विशेष आहे. पिशवीचं प्रकरण काढून ते किंचित हसले, मग चष्मा सारखा केला आणि नेमकं तेच विचारलं. “तुम्ही माहिती गोळा केल्यावर प्रश्न बदललात. हे सोयीचं नाही का झालं? प्रत्येकानं असं केलं तर कुणाचंच काम कधी चुकणार नाही.” मुलीचा चेहरा उतरला. माझ्याकडे बघू लागली, पण मला तिथं बोलायची परवानगी नव्हती. मग ती परीक्षकांकडे वळली आणि म्हणाली, “सर, चूक झाली ते मी लपवलं नाही. आणि आमच्या मॅडमच्या बाई म्हणायच्या, हवं होतं ते मिळालं नाही म्हणून मिळालेलं फेकायचं नसतं. हे कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे ते आधी बघायचं.”

माझे कान तापले. परीक्षकांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि मला विचारलं, तुमच्या बाई म्हणजे कोण? मी तुमचं नाव सांगितलं. ते मुलीकडे वळून म्हणाले, “बरोबर आहे. मलाही त्यांनी हेच सांगितलं होतं.”

मुलगी पास झाली. चांगली पास झाली. उन्हाळ्यात अहमदाबादला गेली, आणि तिला पोचवायला वडील स्वतः गेले. पत्र खरं तर इथंच संपायला हवं होतं.

पण त्या दुपारी परीक्षकांना चहाला कॅन्टीनमध्ये नेणं माझ्याकडे होतं. ते तुमच्या अगदी शेवटच्या विद्यार्थ्यांपैकी, मी तेव्हा बाहेरगावी तासिका घेत फिरत होते म्हणून आमची कधी गाठ पडली नव्हती. मी त्यांना विचारलं, बाई खरंच असं म्हणाल्या होत्या? शब्द वेगळे होते, ते म्हणाले, पण अर्थ हाच. त्यांच्याही मुलाखती वाया गेल्या होत्या, कारखान्यातल्या कामगारांच्या, सगळ्या मुकादमासमोर घेतलेल्या. फेकून द्यायच्या तयारीनंच ते निजामपुऱ्याला तुमच्याकडे आले होते. तुम्ही त्यांना फेकू दिलं नाही. आणि म्हणालात, ते त्यांना नीट आठवतं, “मी एका मुलीला तिचं सगळं काम फेकायला लावलं होतं. दुसऱ्यांदा तिनं ते उत्तम केलं, पण तिची जागा गेली. त्या पहिल्या कागदांत सासवांचा चांगला अभ्यास होता. मला तेव्हा तो दिसला नाही, मी माझ्या शिस्तीत होते. ते मला लागून राहिलंय.”

चहा तसाच राहिला. परीक्षकांनी सहज विचारलं, “कोण होती ती मुलगी? तुम्हाला माहीत असेल.” मी म्हटलं, तेव्हा बऱ्याच जणी होत्या. त्यांनी मान हलवली आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठले.

बाई, मी दर दिवाळीला फराळ घेऊन तुमच्याकडे येत होते. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हाही येत होते. तुम्ही चकलीला नावं ठेवायचात, माझे तास किती, पगार वेळेवर होतो का, सगळं विचारायचात. जागेचा विषय निघाला की तुम्ही शेव पुढे करायचात. मला वाटायचं, तुम्ही विसरलात. आणि मीही समोरच्या भिंतीला टेकून बसून मुलांना अभिमानानं सांगायची ती गोष्ट मनात घोळवत राहायचे, म्हणजे मला राग आलेला नाही हे मलाच पटावं. राग होता. आजही आहे, आणि त्याच्या शेजारीच, कॅन्टीनमधून घरी आल्यापासून, एक मोठा दगड उतरल्यासारखं हलकंही वाटतंय. तुम्हाला ते लागून राहिलं होतं, हे कळल्यावर मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले, भाजी करपली.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही. तुमच्या घरात आता दुसरं कुटुंब राहतं, गॅलरीत त्यांनी जाळी लावली आहे. मुलांना यातलं काही सांगणार नाही; तुमच्या नावावर वाक्यं खपवणं चालू राहील, आता तर थोड्या हक्कानं.

एकच सांगायचं राहिलं. ती मुलगी म्हणजे मी, एवढं त्या परीक्षकांना सांगायला काहीच हरकत नव्हती, तोंडापर्यंत आलंही होतं. पण मग त्यांनी तुमच्या वतीनं माझी माफी मागितली असती, आणि मला ती त्यांच्याकडून नको होती. मला ती तुमच्याकडून हवी होती, बाई. अजूनही हवी आहे.